शाळेतील मत्स्यपात्र : मासे सर्वांत शेवटी

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेपुढे वाचलेले भाषण)



निसर्गाभ्यासातील माशाचा पाठ बहुधा फळ्यावरील चित्रावरच भागविला जातो. कल्ले, पर, खवले ही नावे मुले पाठ करतात. परंतु कल्ल्यांची झाकणे क्षणोक्षणी कशी उघडतात व मिटतात, मासा एकाच जागी स्थिर राहण्यासाठी परांची कोणती हालचाल करतो, हे पाहण्याची संधी ओढ्याकाठच्या मुलालाही क्वचितच मिळते. ओढ्यातील मासा वरून दिसतो आणि तोही पळताना. त्याला बाजूने, स्वस्थपणे व पुन्हा पुन्हा पाहावयाचे तर पारदर्शक भिंतींचे पात्र हवे. असे पात्र शाळेला तयार करता येते, आणि ते आयते विकत आणण्यापेक्षा तयार करण्यात पुष्कळ अधिक शिक्षण साठविलेले आहे.

मात्र हा उद्योग उलट्या टोकाने सुरू होण्याचा धोका मोठा असतो. उत्साहाच्या भरात बाजारातून मासे आधी येतात. नंतर बरणी शोधली जाते. तीत नळाचे ताजे पाणी भरले जाते. मुले मूठमूठ खाद्य टाकतात. आणि आठवड्याच्या आत मासे उलटे तरंगू लागतात. त्या दिवशी वर्गाने जो धडा घेतला, तो कोणत्याही पुस्तकात नाही. जिवंत प्राणी ही शोभेची वस्तू असून ती मोडली की दुसरी आणता येते, असा तो धडा होय. तो शिकविण्यापेक्षा मत्स्यपात्र नसलेले बरे. म्हणून प्रस्तुत विषयाचे सार एका वाक्यात सांगता येते : आधी हिशेब, मग पात्र, मग पाणी, मग वनस्पती, आणि मासे सर्वांत शेवटी.

हा क्रम नवा नाही. १८३२ साली सिसिली बेटावर राहणाऱ्या जान व्हिलप्रू-पॉवर या फ्रेंच बाईंनी सागरी जीवांच्या अभ्यासासाठी काचेची पात्रे वापरली. १८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पाण्याच्या पात्रात वनस्पती आणि मासे एकत्र ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासला. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा ती खाऊन टाकण्यासाठी त्यांनी पाण्यातील गोगलगायी सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. वॉरिंग्टन यांच्या पात्रात विजेचा पंप नव्हता; वनस्पती, प्राणी आणि पाणी यांचा मेळ होता. ज्या शाळेत वीज येऊन-जाऊन असते, तिने हाच मार्ग समोर ठेवावा.

आता पात्राच्या द्रव्याविषयी. काच परिचयाची आहे, परंतु मुलांच्या धक्क्याने ती फुटली तर तिचे तुकडे धारदार होतात. ॲक्रिलिक हे प्लॅस्टिकच्या जातीचे पारदर्शक द्रव्य १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांसाठी त्याचा मोठा वापर झाला. आज दुकानांचे नामफलक करणाऱ्या कारागिराकडे त्याच्या शीट मिळतात. त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश पार जातो, धक्का ते काचेपेक्षा पुष्कळ अधिक सोसते, आणि वजन काचेच्या निम्म्याहून कमी असते. एका घन सेंटिमीटर ॲक्रिलिकचे वजन सुमारे १.१९ ग्रॅम, तर काचेचे सुमारे २.५ ग्रॅम भरते. दोष दोन आहेत. त्यावर ओरखडे फार लवकर उठतात, आणि ते काचेहून अधिक लवचीक असल्यामुळे पाण्याच्या दाबाने भिंत किंचित बाहेर फुगते.

जपानच्या ओकिनावा बेटावर २००२ साली उघडलेल्या मत्स्यालयात २२.५ मीटर लांब, ८.२ मीटर उंच आणि सुमारे ६० सेंटिमीटर जाड ॲक्रिलिकची एक खिडकी आहे. तिच्यामागे प्रचंड देवमुशी पोहतात. याउलट बर्लिन शहरातील एका हॉटेलात २००३ साली उभारलेले, सुमारे दहा लाख लिटर पाणी सामावणारे ॲक्रिलिकचे नळकांडे १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे एकाएकी फुटले आणि त्यातील सुमारे दीड हजार माशांपैकी बहुतेक सर्व मेले. तज्ज्ञांनी पुढे जी संभाव्य कारणे मांडली, त्यांत सांध्यांचे निकामी होणे हेही एक होते. निर्णायक कारण मात्र ठरविता आले नाही. या दोन उदाहरणांवरून शाळेने घ्यावयाचा बोध असा की, पाणी हे वजनदार व चिकाटीचे द्रव्य आहे. ते पात्राची परीक्षा पहिल्या दिवशीच घेऊन थांबत नाही. रात्रंदिवस घेत राहते.

म्हणून प्रथम हिशेब. शाळेस सोईचे पात्र बाहेरून ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असावे. शीट ६ मिलिमीटर जाडीची घ्यावी आणि वरून आडवी चौकट बसवावी; ८ मिलिमीटर मिळाल्यास निर्धास्तपणा अधिक, मात्र मग खालील मापे त्या जाडीप्रमाणे पुन्हा काढावीत. ६ मिलिमीटरच्या शीटचे तुकडे असे होतात : तळ ६० × ३०; पुढची व मागची भिंत प्रत्येकी ६० × २८.८; दोन बाजू प्रत्येकी २८.८ × २८.८, आणि वरची चौकट ६० × ३०, तिच्या मध्यभागी ५० × २० ची पोकळी. बाजूचे तुकडे नेमके चौरस का येतात, हा प्रश्न वरच्या इयत्तांतील मुलांना घालावा. तीस सेंटिमीटर रुंदीतून दोन भिंतींची जाडी वजा होते आणि तीस सेंटिमीटर उंचीतून तळ व चौकट यांची जाडी वजा होते, हे मुलांनी पुठ्ठ्याचा नमुना करून स्वतः शोधावे. पुठ्ठ्यावर झालेली चूक फुकट सुधारते. शीटवर झालेली चूक पैसे घेऊन जाते.

पुढे घनफळ. बाहेरच्या मापाने ५४ लिटर येतात. परंतु आतील लांबी ५८.८, रुंदी २८.८ आणि पाण्याची उंची २५ सेंटिमीटर धरली, तर ४२,३३६ घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४२.३ लिटर पाणी मावते. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणून पाणीच ४२ किलोंहून अधिक झाले. रिकामे पात्र सुमारे साडेपाच किलोंचे भरेल. तळाशी खड्यांचा थर घातला की एकूण भार पन्नास किलोंच्या पुढे जातो. वर्गातील डुगडुगणाऱ्या मेजावर हा भार ठेवू नये, हे सांगण्यासाठी मग रागावण्याची गरज उरत नाही, आकडेच सांगतात.

तिसरा हिशेब दाबाचा. पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याचा दाब शून्य धरला, तर २५ सेंटिमीटर खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला २५ ग्रॅम असतो. सरासरी साडेबारा ग्रॅम. लांब भिंतीचा पाण्याने भिजलेला भाग १,४७० चौरस सेंटिमीटर. म्हणून त्या एका भिंतीवर सुमारे १८.४ किलो भार सतत बाहेरच्या दिशेने पडतो. आखूड भिंतीवर तो ९ किलो असतो. आता पाण्याची उंची दुप्पट केली तर काय होईल? भिजलेला भाग दुप्पट होतो आणि सरासरी दाबही दुप्पट होतो. भार चौपट होतो. लांबी दुप्पट केली तर तो केवळ दुप्पट होतो. यासाठीच घरगुती पात्र उंच न करता आडवे करावे. गणिताच्या तासाला असे उदाहरण मिळणे दुर्मिळ, कारण याचे उत्तर चुकले तर फरशी ओली होते.

शीट करवतीने कापून घ्यावी. लेसर-यंत्राने कड गुळगुळीत निघते, परंतु तिच्यात ताण राहून सांधणारा द्रव लागताच बारीक तडे पडण्याची भीती असते. कापलेली कड सपाट फळीवर ताणलेल्या पॉलिश कागदावर घासावी. ती गोल होऊ देऊ नये. शीटवरील संरक्षक कागद कडेजवळ दोन-तीन सेंटिमीटर तेवढा सोलावा, बाकीचा अखेरपर्यंत राहू द्यावा. प्रत्येक कोपरा गुण्याने तपासावा आणि सर्व तुकडे द्रव न लावता एकदा जुळवून पाहावेत. ज्या फटीतून वहीचा कागद सरकतो, ती कड पुन्हा घासावयाची.

सांधणे हा या कामातील नाजूक व धोक्याचा भाग आहे. काचेच्या पात्रास वापरतात ते सिलिकोन ॲक्रिलिकला घट्ट धरीत नाही. येथे डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म यांसारखा पातळ द्रव लागतो. तो शीटचा पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि उडून गेल्यावर दोन तुकडे एकजीव होतात. या द्रवांची वाफ आरोग्यास घातक आहे. ज्वालेशी संबंध आल्यास त्यापासून अधिकच विषारी वायू निर्माण होतो. म्हणून हे काम मुलांकडून करवू नये आणि मुलांदेखत वर्गातही करू नये. ते नामफलकाच्या अनुभवी कारागिराकडून करून घेणे सर्वांत उत्तम. शिक्षकाने स्वतः करावयाचे ठरविले तर सुटीच्या दिवशी, मोकळ्या हवेत, वारा पाठीशी घेऊन करावे. जवळ चूल, दिवा, विडीकाडी असू नये, आणि द्रव त्वचेस लागू देऊ नये.

पुढची भिंत सपाट जागी आडवी ठेवून तिच्यावर दोन्ही बाजू उभ्या कराव्यात. काटकोनी ठोकळ्यांचा आधार द्यावा. बोथट सुईच्या पिचकारीने सांध्याच्या कडेने द्रव सोडला की तो केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो. दिव्याची वात तेल वर ओढते, त्याच नियमाने हे घडते. सांधा नेहमी आडवा असावा; उभ्या सांध्यात द्रव खाली ओघळतो. नीट झालेला सांधा आरपार स्वच्छ दिसतो. पांढुरके बुडबुडे दिसले तर तेथे जोड कच्चा आहे असे समजावे. नंतर मागची भिंत, मग तळ, आणि शेवटी वरची चौकट. प्रत्येक टप्प्यानंतर घाई न करता सांधा घट्ट होऊ द्यावा, आणि पूर्ण झालेले पात्र पाणी भरण्यापूर्वी आठवडाभर उघड्यावर सावलीत ठेवावे.

यानंतर परीक्षा. पात्र अंगणात सपाट फळीवर ठेवून पाणसळीने पातळी पाहावी. तळ सर्वत्र टेकलेला हवा. त्यासाठी खाली थर्मोकोलचा पातळ थर पसरावा. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा, दुसऱ्या दिवशी निम्मे, तिसऱ्या दिवशी पूर्ण, याप्रमाणे पाणी भरावे. खाली कोरडे वर्तमानपत्र अंथरले तर एक थेंबही चोरून जाऊ शकत नाही. लांब भिंतीवर ताणलेला दोरा धरून ती किती फुगली हे मुलांनी मोजून नोंदवहीत लिहावे. पूर्ण भरलेले पात्र तीन दिवस निर्दोष राहिले तरच ते वर्गात न्यावे, आणि तेही रिकामे करून. भरलेले पात्र उचलणे म्हणजे सांधे मोडण्यास आमंत्रण होय.

वर्गात त्याची जागा उजेडाची, परंतु थेट उन्हाची नसावी. ऊन लागल्यास पाणी तापते आणि शेवाळ माजते. तळाशी धुतलेले बारीक खडे चार सेंटिमीटर घालावेत. खड्यांवर लिंबाचा रस टाकून फेस येतो का ते पाहावे. फेस आला तर त्यांत चुन्याचा अंश आहे, ते वापरू नयेत. पाणी विहिरीचे असो वा नळाचे, त्यात ब्लीचिंग पावडर पडलेली असेल तर क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात दोन दिवस उघडे ठेवावे व अधूनमधून ढवळावे. नंतर हायड्रिला किंवा वॅलिस्नेरिया या पाणवनस्पती रोवाव्यात.

आता खरी कसोटी लागते, आणि ती मुलांच्या धीराची असते. पात्र स्वच्छ दिसते, वनस्पती डुलतात, आणि मासे मात्र नाहीत. रोज सकाळी कोणीतरी विचारणारच : गुरुजी, मासे केव्हा? त्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात न दिसणाऱ्या जीवांपाशी आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. त्याची विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. तो माशाला विषारी आहे. खड्यांवर वाढणारे काही जीवाणू त्याचे नायट्राइट बनवितात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असून वनस्पतींचे अन्न आहे. ही दोन्ही कुळे पात्रात पुरेशी नांदू लागण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जीवाणूंना पोसण्यापुरता अमोनिया तयार होतो. एखाद्या जुन्या, निरोगी पात्रातील मूठभर खडे मिळाले तर हे काम लवकर होते. बरणीतले मासे आठवड्यात का मरतात, याचे उत्तर येथे आहे. बहुधा ते उपासाने मरत नाहीत. त्यांना आपल्याच मळाचे विष बाधते.

वनस्पतींना नवी पाने फुटू लागली, पाणी निवळ राहिले आणि सहा आठवडे पूर्ण झाले, म्हणजे प्रथम दोनच मासे आणावेत. गप्पी मासा या कामी सोईचा आहे. तो लहान, काटक आणि डासांच्या अळ्या आवडीने खाणारा असतो. डासनिर्मूलनासाठी आरोग्य खातेही त्याचा उपयोग करते. पिशवीतील मासे एकदम न ओतता ती पिशवी पंधरा-वीस मिनिटे पात्राच्या पाण्यावर तरंगत ठेवावी आणि नंतर थोडे थोडे पाणी मिसळावे. पंधरा दिवसांनी आणखी दोन आणि पुढे आणखी दोन. सहा मासे पुरेत. गप्पी अंडी घालीत नाही, पिले प्रसवतो, आणि मादी साधारण महिन्याभराच्या अंतराने व्यालेली आढळते. संख्या वाढू नये असे वाटल्यास केवळ रंगीत शेपटीचे नर ठेवावेत. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. नदीत वा ओढ्यात सोडल्यास तो तेथील देशी माशांवर आक्रमण करतो. म्हणून दयेपोटीही त्याला मोकळ्या पाण्यात सोडू नये.

देखभालीची वाटणी लेखी असावी. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. ते कोणी घालावयाचे, हे आठवड्याच्या यादीत लिहून भिंतीवर लावावे, म्हणजे दहा प्रेमळ हात एकाच माशाला मारणार नाहीत. रविवारी खाद्य नसले तरी निरोगी माशास बाधा होत नाही. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच मुरविलेले पाणी घालावे. काढलेले पाणी शाळेच्या बागेस उत्तम खत आहे. भिंती पुसण्यास धुतलेले मऊ सुती फडके वापरावे. स्पिरिट लावू नये, त्याने ॲक्रिलिकला तडे जातात. फडक्यात अडकलेला वाळूचा एक कणही कायमची रेघ ओढतो. ओरखड्यांनी धुरकटलेली भिंत हे घाईचे प्रगतिपुस्तकच समजावे.

शेवटचा प्रश्न दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीचा आहे, आणि तो पहिला मासा आणण्यापूर्वी सोडवावयाचा आहे. चार-पाच दिवसांची गोष्ट वेगळी. परंतु मे महिन्याच्या उष्म्यात बंद खोलीतील पात्र टिकत नाही. गावातील कोणाच्या घरी मासे जातील, किल्ली कोणाकडे राहील, किंवा आरोग्य केंद्राने गप्पींचे पैदासकुंड राखले असल्यास ते परत घेईल काय, हे आधी ठरवून नोंदवहीत लिहून ठेवावे. याचे उत्तर मिळत नसेल, तर त्या वर्षी पात्रात केवळ वनस्पती व गोगलगायी ठेवाव्यात. तेही संपूर्ण आणि प्रामाणिक मत्स्यपात्र होईल. मासे तेवढे पुढच्या वर्षीच्या मुलांचे.

अशा रीतीने तीन महिने खपून सहा मासे पाण्यात सुटतात, तेव्हा वर्गाने घनफळ मोजलेले असते, दाब पाहिलेला असतो, सांध्याची परीक्षा घेतलेली असते आणि वाट पाहिलेली असते. त्या वर्गातील मूल काचेवर टिचक्या मारणाऱ्या धाकट्या भावाचा हात आपण होऊन बाजूस करते. हा पाठ कोणत्याही परीक्षेस नाही. पण त्यासाठीच हा सारा खटाटोप करावयाचा असतो.